बारा माणसांचा फरक

मंडळी, आजचं व्याख्यान एका आकड्यापासून सुरू करतो. अमेरिकेच्या आयोवा राज्यात फेअरफिल्ड नावाचं एक लहान शहर आहे. १९८०च्या जनगणनेत तिथे ९,४२८ माणसं होती. २०१०मध्ये ९,४६४ होती. २०२०मध्ये ९,४१६. म्हणजे १९८० ते २०२० या चाळीस वर्षांत फरक पडला तो बारा माणसांचा. नुसता हा तक्ता पाहिला तर वाटेल, मक्याच्या शेतांमधलं निवांत गाव आहे, घडलं काही नाही. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पुढे खोलात वाचत गेलो तेव्हा कळलं, की आकडा तोच राहिला आणि त्याच्या आतली माणसं बदलत गेली.

आधी एक खुलासा. मी ‘शहर’ म्हणतो तेव्हा सोलापूर-कोल्हापूर डोळ्यांसमोर आणू नका. आयोवाच्या कायद्यात नगरपालिका स्थापन झालेली कुठलीही वस्ती ‘सिटी’च असते, मग तिथे दोन लाख माणसं राहोत की दोनशे. फेअरफिल्ड राज्याच्या आग्नेय भागात आहे, जेफरसन काउंटीचं मुख्य ठाणं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. मधोमध चौक, चौकात बाग, भोवती दुकानं आणि जवळच लालसर दगडाविटांचं जुनं कोर्ट.

ही जमीन साक आणि मेस्क्वाकी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची. १८३२च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर एकामागून एक करार झाले आणि ती त्यांच्या हातातून काढून घेण्यात आली. पुढे १८५७मध्ये मेस्क्वाकींनी याच राज्यात, टामा काउंटीत, स्वतःचे पैसे मोजून थोडी जमीन परत विकत घेतली. त्यांची वस्ती आजही तिथे आहे. फेअरफिल्डच्या इतिहासात ही गोष्ट बहुधा एका वाक्यात उरकतात. मीही आज फार वेळ देऊ शकत नाही, पण पहिलं पान कोणाचं होतं हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

१८३९मध्ये काउंटी झाली आणि ठाण्यासाठी जागा ठरली. नाव सुचवलं नॅन्सी बॉनिफील्ड या बाईंनी. फेअरफिल्ड, म्हणजे सुंदर शेतं. सहा वर्षांनी स्वीडनहून पीटर कॅसल नावाचा शेतकरी एक जथा घेऊन आला. या काउंटीत वसलेलं ‘न्यू स्वीडन’ हे आयोवातलं पहिलं कायमचं स्वीडिश गाव. १८५४च्या ऑक्टोबरात आयोवाचा पहिला राज्य कृषी मेळा भरला तो फेअरफिल्डमध्ये. गावाची वस्ती दोन हजारही नव्हती आणि मेळ्याला त्याच्या कितीतरी पट माणसं आली. त्यात स्त्रियांच्या घोडेस्वारीची स्पर्धा होती. बक्षीस सोन्याचं घड्याळ. तेरा वर्षांची एलायझा जेन हॉजेस अशी दौडली, की प्रेक्षकांनी तिलाच मनोमन विजेती ठरवलं. परीक्षकांनी घड्याळ दुसरीला दिलं. मग लोकांनी जागच्या जागी वर्गणी काढली आणि त्या मुलीच्या शिक्षणाची सोय केली. हा प्रसंग मला फार आवडतो. काही वर्षांत रेल्वे आली, गाव वाढलं. अँड्र्यू कार्नेगींच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या वाचनालयांपैकी एक १८९३मध्ये इथे उघडलं. ती इमारत अजून उभी आहे, आता तिथे संग्रहालय आहे.

आता शेतीकडे येतो, कारण लोकसंख्येची खरी गोम इथे आहे. १८६७मध्ये विल्यम लाउडन या इथल्या माणसानं गवत वाहून नेणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी काय करावं लागे? गाडीभर वाळलेलं गवत गोठ्याच्या माळ्यावर माणसांनी दाताळ्यानं चढवायचं. खालून एकानं फेकायचं, वरच्यानं मागे सरकवायचं, अंगभर कुसळं, नाकातोंडात धूळ. लाउडननं गोठ्याच्या आढ्याला आडवा रूळ बसवला. त्यावर चाकांची लहान गाडी, तिला कप्पी आणि दोर. दोर घोड्यानं ओढायचा, की गवताचा भारा वर जाई, रुळावरून सरके आणि हव्या त्या जागी खाली पडे. या एका कल्पनेवर मोठा कारखाना उभा राहिला. लाउडन कंपनीनं देशभरच्या शेतकऱ्यांना गोठ्यांचे आराखडेसुद्धा करून दिले.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. १८७०मध्ये जेफरसन काउंटीत सतरा हजारांहून जास्त माणसं होती. २०२०मध्ये होती १५,६६३. दीडशे वर्षांनंतर कमी! जमीन तेवढीच आहे, काळीभोर आहे, आणि एकरी मका तेव्हापेक्षा कितीतरी पट पिकतो. पण त्याला लागणारे हात कमी झाले. आधी गवताची यंत्रं, मग ट्रॅक्टर, मग कापणी-मळणी एकत्र करणारी अवजड यंत्रं. एका कुटुंबाला पूर्वीच्या पाच कुटुंबांची शेती झेपू लागली आणि उरलेल्या चार घरांतली मुलं शहरात गेली. लाउडननं माणसांची पाठ वाचवली, ते चांगलंच केलं. पण शेतातल्या माणसाची गरज कमी करणाऱ्या यंत्रांपैकी एक याच गावात जन्माला आलं आणि मग याच काउंटीची शेतं माणसांपासून रिकामी होत गेली, हे मला विसरता येत नाही.

मग फेअरफिल्ड टिकलं कसं? आजूबाजूच्या कितीतरी गावांत शाळा बंद पडल्या, दुकानांना फळ्या लागल्या. फेअरफिल्डला हात दिला तो कारखान्यांनी आणि महाविद्यालयानं. पार्सन्स कॉलेज १८७५मध्ये स्थापन झालं, प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचं. ऐंशी वर्षं ते लहानसंच होतं. १९५५मध्ये मिलर्ड रॉबर्ट्स हे अध्यक्ष म्हणून आले आणि त्यांनी दारं सताड उघडली. दुसरीकडे नापास झालेल्या मुलांनाही प्रवेश, प्राध्यापकांना भरघोस पगार, वर्षभर चालणारी सत्रं. १९६६च्या सुमारास तिथे पाच हजार विद्यार्थी होते. आठ-साडेआठ हजारांच्या गावात पाच हजार तरुण! घराघरात भाडेकरू होते. १९६७मध्ये कॉलेजची मान्यता गेली, पुढे ती परत मिळाली तरी कर्जाचा बोजा उरला, आणि १९७३मध्ये कॉलेजला कुलूप लागलं. १९६०च्या जनगणनेत गावाची संख्या ८,०५४ आणि १९७०मध्ये ८,७१५. पार्सन्सच्या विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी गर्दी या दोन नोंदींच्या मधल्या खाचेत पडली. कुठल्याच जनगणनेला ती दिसली नाही.

आणि मग १९७४. महर्षी महेश योगी यांच्या अनुयायांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेलं विद्यापीठ जागा शोधत होतं. पार्सन्सचं ओस पडलेलं आवार त्यांनी सुमारे पंचवीस लाख डॉलरना विकत घेतलं. मका पिकवणाऱ्या, डुकरं पाळणाऱ्या, रविवारी चर्चला जाणाऱ्या गावात सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून बसणारे शेकडो शाकाहारी लोक राहायला आले. गावकऱ्यांनी त्यांना ‘रू’ म्हणायला सुरुवात केली. ‘गुरू’ शब्दाचं शेवटचं अक्षर! दोन सोनेरी घुमट उभे राहिले, पुरुषांचा वेगळा, स्त्रियांचा वेगळा. १९८३च्या डिसेंबरात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, जगभरातून सात हजार साधक तिथे जमले. सातच हजार का? जगाच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या वर्गमुळाइतक्या लोकांनी एकत्र ध्यान केलं तर जगात शांतता वाढते, अशी त्यांची श्रद्धा. तेव्हा जग ४७० कोटींचं धरा. एक टक्का ४ कोटी ७० लाख. वर्गमूळ ६,८५६ येतं. त्या श्रद्धेला मी शास्त्र म्हणणार नाही. पण साडेनऊ हजारांच्या गावानं ऐन थंडीत सात हजार पाहुण्यांना जागा करून दिली, ही गोष्ट साधी नाही.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं मात्र नाही. विद्यापीठानं स्थापत्यवेदाप्रमाणे आवाराची फेररचना काढली. वास्तू आणि दिशा यांचं नातं या सभागृहात समजावून सांगायला नको. त्या फेररचनेत पार्सन्सच्या काळातल्या जुन्या इमारती गेल्या. १९११चं बारहाइट चॅपल २००१मध्ये पाडलं. ते पाडायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे शिकलेल्यांची एक अख्खी पिढी अजून हयात होती, त्यांच्या तरुणपणाची ती खूण होती. आणि नेमकं त्याच वर्षी याच गावानं एड मलॉय यांना महापौर निवडलं. ते ध्यान करणाऱ्यांपैकी. पुढे २०१९पर्यंत तेच महापौर होते. जुन्या गावकऱ्यांची मतं मिळाल्याशिवाय इतकी वर्षं हे होत नाही. सत्तावीस वर्षांत ‘रू’ शेजारी झाले होते. त्यांनी धंदे काढले होते, नोकऱ्या दिल्या होत्या, त्यांची मुलं गावात वाढली होती.

शेवटची नोंद पुन्हा आकड्यांची. २००१मध्येच फेअरफिल्डला लागून महर्षी वेदिक सिटी ही वेगळी नगरपालिका झाली. २०१०मध्ये तिथे १,२९४ माणसं मोजली गेली, २०२०मध्ये २७७. काय झालं? अमेरिकेत एक एप्रिल रोजी तुमचं नेहमीचं राहणं जिथे असेल तिथे तुम्ही मोजले जाता, नागरिक असा किंवा नसा. २०१०च्या त्या संख्येत बहुतांश होते ते भारतातून धार्मिक व्हिसावर आलेले, सामूहिक पठण करणारे तरुण वैदिक पंडित. पुढे ते परतत गेले. त्या दहा वर्षांत जेफरसन काउंटीची लोकसंख्या १,१८० नं घटली. त्यातली १,०१७ ची घट एकट्या वेदिक सिटीतली. तक्ता वाचणारा म्हणेल, खेडी ओस पडताहेत. खेडी ओस पडताहेत हे खरंच आहे, पण या १,१८० मध्ये आयोवाच्या शेतकऱ्याच्या पोरांपेक्षा आपल्या देशातल्या घरांत परत गेलेली पोरं जास्त आहेत.

आज विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या वर्गांत इथिओपिया, नेपाळ, मंगोलिया अशा देशांतली मुलं शिकतात. काही वर्षं राहतात, नोकरी लागली की जातात, त्यांच्या खोल्यांत पुढची तुकडी येते. गावातल्या एका उद्यानात बॉनिफील्ड कुटुंबाचं १८३८चं ओंडक्यांचं दुमजली घर मूळ जागेवरून हलवून जपून ठेवलं आहे. ज्या बाईंनी गावाला नाव दिलं, त्यांचं घर. त्याही इथल्या नव्हत्या, बाहेरून आल्या होत्या.