मागच्या महिन्यात पाजलाय की डोस!

नमस्कार मंडळी. नव्वदच्या दशकात तुम्ही किंवा तुमची मुलं लहान असतील तर पोलिओचे थेंब पाजल्यावर डाव्या करंगळीवर लावायचे ती शाई आठवत असेलच. ९ डिसेंबर १९९५ ला देशभरातला पहिला पल्स पोलिओ झाला, २० जानेवारीला दुसरा, तेव्हा तीन वर्षांपर्यंतची मुलं घेतली होती, नंतर पाचपर्यंतची.

आणि नंतर दरवर्षी फेऱ्या सुरूच, त्यामुळे अंगणवाडीताई दारात आली की घराघरात एकच वाक्य, अहो मागच्याच महिन्यात पाजलाय की डोस, आता परत कशाला? प्रश्न चुकीचा नव्हता हो, पण दारात उभ्या उभ्या उत्तर देणं अवघड होतं.

आता निवांत सांगते. पोलिओचा विषाणू राहतो आतड्यात. दोनशे मुलांना लागण झाली तर साधारण एखाद्याचाच पाय लुळा पडतो, बाकीची मजेत खेळतात आणि शौचातून विषाणू पसरवत राहतात, म्हणजे आजारी मूल बघून त्याच्या आसपास डोस द्यायचा हे जमणारंच नव्हतं. त्यात आपल्याकडे जुलाब, पोटात इतर विषाणू, म्हणून एका डोसात सगळ्या मुलांना लागू पडायचं नाही. मग एकाच दिवशी सगळ्यांना पाजायचं, लसीतल्या कमजोर केलेल्या विषाणूने सगळ्यांच्या आतड्यात एसटीत रुमाल टाकावा तशी जागा धरायची, की खऱ्या विषाणूला बसायलाच जागा नाही!

खरी मेहनत मात्र वीटभट्टीवर आणि ऊसतोडीच्या टोळ्यांमागे असायची, कारण आज इथे असलेलं कुटुंब उद्या दुसऱ्याच कारखान्यावर. एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर पण टीम उभ्या. दारावर खडूने पी लिहिलं म्हणजे झालं, एक्स लिहिलं म्हणजे कुणीतरी राहिलंय, परत यायचं. खांद्यावर बर्फाची पेटी, आणि बाटलीच्या लेबलवर गोलात एक पांढरा चौकोन, लस तापत गेली की तो गडद होतो, गोलाच्या रंगाचा झाला की बाटली बाद. मला ही आयडिया फार आवडते, शिकलेलं असो नसो, कुणालाही कळेल.

देशातला मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची छोटी मुलगी. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. शेजारी पाकिस्तान, अफगाणिस्तानात तो त्यानंतरही राहिला, म्हणून आपल्याकडे थेंब थांबले नाहीत, उलट इंजेक्शनही आलं, दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना, तेवढं बाळाच्या कार्डावर बघून घ्या.