शेर गेला, नऊ इंची भिंत राहिली

मेट्रिक मापं भारतात कधी आली, याचं कागदावरचं उत्तर सोपं आहे. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १९५६च्या वजनमापांच्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८पासून वजनं टप्प्याटप्प्यानं बदलू लागली आणि १ एप्रिल १९६२पासून व्यापारात मेट्रिकची देशभर सक्ती झाली. तरी आजही प्लायवूडचा ताव आठ बाय चार फुटांचा आणि जाडी मात्र १८ मिलिमीटर. वाळू ब्रासमध्ये, म्हणजे १०० घनफुटांच्या हिशेबानं. याला सगळे ‘लोकांची सवय’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. सवय शेराचीही होती, पायलीचीही होती, आणि त्यांचा व्यवहार बराचसा उठला. वस्तू किती वर्षं टिकते आणि तिला दुसऱ्या कशाशी जुळावं लागतं, यावर माप बदलण्याचा वेग ठरतो.

नाण्यांचं काम त्यातल्या त्यात लवकर उरकलं, पण अपूर्णांकांनी थोडा त्रास दिलाच. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून कोष्टक असं ठरलं: एक आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९ आणि चारचे २५. आता एकेका आण्याची चीज चार वेळा घेतली तर २४ पैसे, एकदम घेतली तर २५.

वजनांच्या बाबतीत कायद्याच्या हातात एक हुकमी पत्ता होता. दुकानातलं वजन ठरावीक मुदतीनं तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावाच लागतो. शेराच्या वजनावर शिक्का मिळणं थांबलं की ते भंगारात. शिवाय वजनांचा संच काही फार महाग नसतो. हिशेब एवढाच होता की शेर ०.९३३१ किलोचा, म्हणजे १५ शेर आणि १४ किलो यांत साडेतीन ग्रॅमचाच फरक. भावात मात्र साधारण ७ टक्के वाढ धरावी लागे. रुपया शेर असलेला माल एक रुपया सात पैसे किलो झाला तर तो जुनाच भाव, आणि एक रुपया दहा पैसे झाला तर गुपचूप केलेली भाववाढ. तागडीपुढची सवयही बदलली. शेर, अर्धा शेर, पावशेर, अदपाव अशी जुनी उतरंड निम्म्या-निम्म्यानं होती. नवी १, २, ५च्या क्रमानं. त्यामुळे संचात २०० ग्रॅमची दोन वजनं लागतात. एकच असेल तर ४०० आणि ९०० ग्रॅम जमतच नाहीत.

पायलीचं कोडं वेगळं. चार शेरांची पायली हे आकारमानाचं माप, वजनाचं नव्हे; इथला शेरही मापाचा, तागडीचा नव्हे. बाजरीची पायली आणि भाताची पायली तागडीत सारखी भरत नाही. त्यात माप शीग लावून द्यायचं की काठाशी सपाट करून, हे गावागणिक ठरायचं. सोळा पायल्यांचा मण कुठे, बारांचा कुठे. याला रूपांतराचं कोष्टकच होऊ शकत नाही. माप बंद करून धान्य तागडीवर आणणं हाच उपाय होता.

आता नळाकडे या. अर्ध्या इंची लोखंडी पाइपाला मेट्रिकमध्ये १५ मिलिमीटर म्हणतात. व्हर्नियर कॅलिपरनं मोजलं तर बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर निघतो. १५ हा आकडा नुसती ओळख आहे. आटे मात्र जुनेच, ५५ अंशांचे व्हिटवर्थ (इंचांवर बेतलेली जुनी ब्रिटिश पद्धत), इंचाला १४. आंतरराष्ट्रीय मानकानंही ते तसेच ठेवले, कारण भिंतीत गाडलेला पाइप तीस-चाळीस वर्षं तिथेच असतो आणि नव्या तोटीला त्यातच बसायचं असतं. बोल्टचं तसं नाही. यंत्र नवं आलं की बोल्टही नवे येतात, म्हणून तिथे मेट्रिक सरसकट आलं. घोटाळा होतो तो जुन्या यंत्राच्या दुरुस्तीत. अर्ध्या इंची व्हिटवर्थ नटात एम १२चा, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाचा मेट्रिक बोल्ट सैलसर शिरतो आणि एक-दोन आट्यांत अडकतो. एकाचं आट्यांतलं अंतर २.१२ मिलिमीटर, दुसऱ्याचं १.७५. पान्यानं जोर लावून पुढे रेटला तर आटे गेलेच म्हणून समजा.

विटेचं मेट्रिकीकरण कागदावर फार सुरेख होतं: १९ बाय ९ बाय ९ सेंटिमीटरची वीट, सेंटिमीटरभर मसाला धरून २० बाय १० बाय १०, घनमीटरला बरोबर ५००. पण भट्टीवाल्यांचे साचे, गवंड्याचा हात, चौकटीची रुंदी, सगळं नऊ इंची भिंतीवर बेतलेलं. म्हणून आजही पूर्ण मेट्रिक नकाशात कॉलमची रुंदी सर्रास २३० मिलिमीटर दिसते. हा आकडा आला कुठून? तो नऊ इंचच आहे, २२८.६चा गोल केलेला. कॉलम भिंतीबाहेर डोकावू नये म्हणून.

सगळ्यात टिकाऊ वस्तू जमीन, आणि पैशाचं नुकसानही तिथेच होतं. मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर क्षेत्र येतं हेक्टर-आरमध्ये. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७चा. फरक इतका कमी की दोन्ही एकच धरले जातात, पण १०० गुंठ्यांना १०० आर लिहिलं तर एका गुंठ्याहून जास्त जमीन कागदावरून नाहीशी होते. याहून मोठी चूक वाचण्यातली. १.०५ हा आकडा ‘एक एकर पाच गुंठे’ असा वाचला जातो. तो असतो एक हेक्टर पाच आर, म्हणजे जवळजवळ दोन एकर चोवीस गुंठे. म्हणून खरेदीखताच्या मसुद्यात सातबाऱ्यावरचा आकडा हेक्टर आणि आर हे शब्द घालून जसाच्या तसा आधी लिहावा. गुंठे त्यावरून काढावेत, आणि भाव गुंठ्यावर ठरला असेल तर आर गुणिले ०.९८८४ करूनच रक्कम मांडावी.