काट्यावर २४८ ग्रॅम: हौशी ड्रोनचं वजन आणि नोंदणी

(पडद्यावर: स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. त्यावर तीन इंची प्रॉप्सचा, म्हणजे पात्यांचा, ड्रोन, बॅटरी लावलेली.)

काट्यावर आकडा दिसतोय २४८. आता याच ड्रोनच्या पाठीवर एक लुकलुकणारा दिवा चिकटवूया. संध्याकाळी ड्रोन आकाशात चटकन दिसावा म्हणून बरेच जण लावतात तसा, दहा ग्रॅमचा. आकडा झाला २५८. एवढ्यावर ड्रोनचा वर्ग बदलला. मघाशी तो नॅनो होता, आता मायक्रो आहे.

भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम लागू झाले. त्यात वजनानुसार पाच वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो. त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो, पंचवीस किलोपर्यंत स्मॉल, दीडशे किलोपर्यंत मीडियम आणि त्याहून जड ते लार्ज. हौशी माणसाचा संबंध पहिल्या तिघांशी येतो. वजन धरायचं ते उड्डाणाच्या वेळचं, जास्तीत जास्त आणि सगळ्या सामानासकट. बॅटरी, प्रॉप्स, प्रॉप गार्ड, कॅमेऱ्याचा फिल्टर, मेमरी कार्ड, बॅटरी आवळणारा पट्टा, सगळं त्यात आलं. खोक्यावर छापलेला आकडा कंपनीने दिलेल्या मूळ बॅटरीचा असतो, हे विसरलं जातं. डीजेआय कंपनीचा मिनी ३ प्रो हे सरळ उदाहरण. साध्या बॅटरीसह तो २४९ ग्रॅमचा. त्याच कंपनीची जास्त वेळ चालणारी ‘प्लस’ बॅटरी बसवली की सुमारे २९० ग्रॅम. यंत्र तेच राहतं, वर्ग मात्र दुसरा होतो.

(पडद्यावर: सुटे भाग एकेक करून काट्यावर.)

घरी ड्रोन जुळवणाऱ्यांचा हिशोब असा जातो. तीन इंची कार्बन फ्रेम, स्क्रू धरून साधारण ३५ ग्रॅम. १४०४ आकाराच्या चार मोटर मिळून ३८. उड्डाण सांभाळणारा फ्लाइट कंट्रोलर आणि मोटरचा वेग ठरवणारा ईएससी एकत्र असलेला बोर्ड, कपॅसिटर आणि बॅटरी जोडायच्या एक्सटी-३० च्या वायरसह १४. रिसीव्हर दोन, चार प्रॉप्स सहा, जीपीएस सात, पट्टा चार आणि थ्री-डी प्रिंट केलेले माउंट आठ. जुन्या पद्धतीचा ॲनालॉग कॅमेरा आणि व्हिडिओ ट्रान्समीटर घेतला तर १२ ग्रॅममध्ये भागतं. डीजेआयचं ओ-३ एअर युनिट, म्हणजे डिजिटल कॅमेरा आणि ट्रान्समीटर, घेतलं तर ३६. चार सेलची ८५० एमएएच बॅटरी ९८ च्या आसपास. ॲनालॉग ड्रोन २२४ वर थांबतो आणि डिजिटल २४८ वर. डिजिटल घेतलं की हातात दोनच ग्रॅम उरतात.

म्हणून डिजिटल घेणाऱ्याने बॅटरी सर्वात शेवटी घ्यावी. बाकी सगळं जोडून, सोल्डर करून, वायर कापून झालं की काट्यावर ठेवायचं आणि उरलेल्या ग्रॅममध्ये बसेल ती बॅटरी शोधायची. उलटं केलं तर हमखास फसतं: ११०० एमएएचची बॅटरी आधीच घेऊन ठेवली जाते, ती असते सव्वाशे ग्रॅमची, आणि मग वजन उतरवण्यासाठी जीपीएस काढला जातो. जीपीएस गेला की सिग्नल तुटल्यावर ड्रोन आपणहून परत येण्याची सोय गेली. सात ग्रॅमसाठी हा सौदा आम्हाला तरी पटत नाही. काटा एक ग्रॅमपर्यंत अचूक हवाच. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमचा छोटा काटा मिळाला तर सीमेवरच्या ड्रोनसाठी तो घ्यावा. दोन किलोच्या भाजीच्या काट्यात एखाद-दोन ग्रॅमचा फरक सहज पडतो.

२५० हा आकडा आला कुठून? अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ साली एक कार्यगट नेमला होता. एवढा लहान ड्रोन उंचावरून पडला तर हवेच्या विरोधामुळे त्याचा वेग सेकंदाला सुमारे २५ मीटरवर स्थिरावतो, असं त्यांनी धरलं. डोक्यावर आदळणाऱ्या वस्तूची ऊर्जा ८० ज्यूलच्या आत असावी, ही दुसरी अट. पाव किलो आणि २५ मीटर हे आकडे सूत्रात घातले की ७८ ज्यूल येतात. पुढे अनेक देशांनी हीच सीमा उचलली. जपानने मात्र आधी २०० ग्रॅमची रेघ आखली होती. त्यामुळे २०१९ च्या मॅव्हिक मिनीची जपानसाठी लहान बॅटरीची, १९९ ग्रॅमची वेगळी आवृत्ती निघाली. जून २०२२ पासून जपानने ती सीमा १०० ग्रॅमवर आणली आणि ती सगळी कसरत वाया गेली.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. २५० ग्रॅमच्या आत राहून नेमकं काय वाचतं?

नोंदणी वाचत नाही. सर्वाधिक गैरसमज इथेच आहे आणि त्याला कारणही आहे. नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या २०१८ च्या जुन्या नियमावलीत पन्नास फुटांच्या आत उडणाऱ्या नॅनो ड्रोनला ओळख क्रमांकातून सूट होती. त्या काळातले व्हिडिओ आणि दुकानदारांची वाक्यं अजून फिरत आहेत. मार्च २०२१ च्या नियमांत आणखी एक अट होती. नॅनो ड्रोन सेकंदाला १५ मीटरपेक्षा जास्त वेगाने जात असेल तर तो वरच्या वर्गात धरायचा. ऑगस्ट २०२१ मध्ये हे सगळं बाजूला पडलं. आता वर्ग फक्त वजनावरून ठरतो आणि यूआयएन, म्हणजे ड्रोनचा ओळख क्रमांक, नॅनोलाही लागतो. त्यातून सूट आहे ती संशोधन आणि चाचणी करणाऱ्या ठरावीक संस्थांना, तीही अटींसह.

नॅनोचे वाचतात ते तीन खर्च: टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या बनावटीला मिळणारं मान्यतेचं प्रमाणपत्र), रिमोट पायलट सर्टिफिकेट आणि थर्ड पार्टी विमा. यातही निव्वळ हौस म्हणून उडवणाऱ्याने नीट पाहावं. दोन किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन बिगर-व्यावसायिक कामासाठी उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. छंदासाठी किंवा शिकण्यासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेला पंचवीस किलोपर्यंतचा ड्रोन नियमांत ‘मॉडेल’ ठरतो आणि त्याला टाइप सर्टिफिकेटही लागत नाही. थोडक्यात, हौशी माणसाने २५० ची रेघ ओलांडली तर प्रत्यक्षात अंगावर येतो तो विमा. पैसे घेऊन लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्याने ओलांडली तर टाइप सर्टिफिकेट मिळालेलं यंत्र आणि पायलट सर्टिफिकेट दोन्ही हवं.

एफपीव्ही, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र गॉगलमध्ये पाहून, उडवणाऱ्यांसाठी यात एक खाच आहे. ‘मॉडेल’ची सवलत नजरेच्या टप्प्यातल्या उड्डाणालाच आहे. साडेसहाशे ग्रॅमचा पाच इंची ड्रोन टेकडीच्या पलीकडे गेला की ती सवलत सुटली. नॅनोची टाइप सर्टिफिकेटची सूट मात्र केवळ वजनावर टिकते.

पंख असलेली रिमोटची विमानंही याच नियमांत येतात, फक्त चार मोटरवाले ड्रोन नव्हेत. बाल्सा लाकडाचं तीन किलोचं विमान उडवणारा जुना एरोमॉडेलर स्मॉल वर्गात बसतो आणि त्याला पायलट सर्टिफिकेट लागतं. वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण, अशा त्याच्या अटी आहेत.

(पडद्यावर: फ्लाइट कंट्रोलर आणि रिमोट यांचे अनुक्रमांक जवळून.)

नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म डी-२, शुल्क शंभर रुपये. ही कामं आधी डिजिटल स्काय पोर्टलवर होती, पुढे ती डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलकडे गेली. पासपोर्टची सक्ती २०२४ च्या दुरुस्तीने उठली, इतर सरकारी ओळखपत्र चालतं. यूआयएन तीन अनुक्रमांकांशी बांधलेला असतो: ड्रोनचा, फ्लाइट कंट्रोलरचा आणि रिमोटचा. अर्ज उघडण्याआधी तिन्ही कागदावर उतरवून घ्या आणि शून्य की इंग्रजी ओ, हे दोनदा तपासा. घरी जुळवलेल्या ड्रोनच्या बोर्डवर बहुधा अनुक्रमांक छापलेला नसतो. बीटाफ्लाइट या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरच्या कमांड लाइनमध्ये ‘एमसीयू आयडी’, म्हणजे बोर्डवरच्या चिपचा क्रमांक, दिसतो. तो प्रत्येक चिपचा वेगळा असल्याने तो आणि पावती जपून ठेवावी. अपघातात बोर्ड जळाला आणि नवा बसवला, तर नवा क्रमांक सात दिवसांत किंवा पुढच्या उड्डाणाआधी, यातलं जे आधी येईल तेव्हा, नोंदवावा लागतो. एफपीव्हीवाल्यांचे बोर्ड किती वेळा जळतात ते पाहता ही अट त्यांना वारंवार भेटते.

अमेरिकेहून येणाऱ्या भावाला ड्रोन आणायला सांगणार असाल तर थांबा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार किंवा अर्धवट सुटे केलेले परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा हे अपवाद वगळून. विमानतळावरच्या कस्टम्स अर्जात ड्रोन जाहीर करावाच लागतो. मोटर, बोर्ड, फ्रेम असे सुटे भाग आणायला ही बंदी नाही.

क्रमांक मिळाला म्हणजे कुठेही उडवता येतं असं नाही. प्रत्येक उड्डाणाआधी डिजिटल स्कायचा नकाशा पाहणं बंधनकारक आहे. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही उंची ६० मीटरवर येते. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी हवी, लाल भागात केंद्र सरकारची. पुण्यात लोहगावचा वायुदलाचा तळ आहे, गोव्यात दक्षिणेला दाबोळी आणि उत्तरेला मोपा. त्यामुळे तिथे मोकळं मैदान दिसलं तरी आधी नकाशा उघडावा. त्यातच पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. काल हिरवी असलेली जागा सभा किंवा मिरवणुकीच्या दिवशी लाल असू शकते. मुंबईत पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेगळे निघत राहतात, तेही पाहावेत. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे आणि अपघात झाला तर ४८ तासांत कळवावं लागतं.

ड्रोन विकला, कायमचा मोडला किंवा हरवला, तर फॉर्म डी-३ भरायचा. शुल्क पुन्हा शंभर रुपये. रोख घेऊन हातोहात ड्रोन देऊन टाकला आणि हा फॉर्म भरला नाही, तर पुढच्या माणसाने तो कुठेही उडवला तरी क्रमांक तुमच्याच नावावर निघेल.