रक्तदाबाच्या गोळीने आणलेले केस

श्रोतेहो, नमस्कार.

मी कातडीचा डॉक्टर, परभणीचा. दसरा झाला की माझ्याकडे एका विशिष्ट प्रकारची गर्दी सुरू होते. पोरगा खुर्चीत मान खाली घालून, टोपी डोक्यावर घट्ट. बोलणार वडील. "डॉक्टरसाहेब, तुळशीचं लग्न लागलं की याच्यासाठी पोरगी बघायला निघायचंय. तवर केस आले पाहिजेत."

तुळशीच्या लग्नाला राहिलेले असतात जेमतेम पाच आठवडे. या बापाला काय सांगायचं, ते शेवटी सांगतो. आधी केस आणणारी ही औषधं आली कुठून ते ऐका, कारण त्यातली मोठी औषधं केसांसाठी कुणी शोधलीच नव्हती.

मिनॉक्सिडिल घ्या. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीची ही रक्तदाबाची गोळी, १९७९ साली बाजारात आली. रक्तदाब उतरायचा, पण रोग्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस वाढायला लागले. बायका वैतागल्या. डॉक्टरांनी मात्र तिकडे नीट पाहिलं, आणि १९८८ मध्ये तेच औषध पातळ करून टकलावर लावायला आलं. दुसरं फिनास्टेराइड. कॅरिबियन बेटांवरच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना पुरुष होत. त्यांच्या शरीरात एक विकर, म्हणजे एन्झाइम, कमी होतं. त्याचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे पुरुष म्हातारे झाले तरी त्यांना टक्कल पडत नव्हतं, पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते ती प्रोस्टेट ग्रंथीही लहानच राहायची. मग ते विकर अडवणारी गोळी तयार झाली. १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी, १९९७ मध्ये टकलासाठी. ही गोळी पुरुषांची. गरोदर बाईने तिच्या फुटक्या तुकड्याला हातही लावायचा नाही, पोटातल्या मुलग्याला धोका असतो.

असं तिरकं बघणारा डॉक्टर आपल्या मराठवाड्यानेही दिलाय. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातले. महाडकडे लाल विंचू चावून माणसं दगावत होती, तेव्हा त्यांनी विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरलं. तेही रक्तदाबाचंच औषध! १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. आणि २०२४ संपता संपता आपल्या शेजारच्या बुलढाण्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचं डोकं खाजून तीन-चार दिवसांत टक्कल पडायला लागलं, तेव्हा याच डॉक्टरांनी रेशनचा गहू तपासायला लावला. गव्हात सेलेनियम हे मूलद्रव्य जास्त आहे, हा त्यांचा निष्कर्ष. तिथे कोणतं तेल कामाला आलं असतं, सांगा?

म्हणून मी टोपी काढायला लावतो आणि आधी विचारतो, दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू, टायफॉइड झाला होता का? बाळंतपण झालंय का? तसं असेल तर केस मुठीने गळतात आणि बहुतेक वेळा आपोआप परत येतात. दिवसाला पन्नास ते शंभर केस तर सगळ्यांचेच गळतात, फणीत दिसतात म्हणून घाबरू नका.

चाई वेगळी. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा. गावात त्यावर कांदा चोळतात, जाडंभरडं फडकं रक्त येईस्तोवर घासतात. कृपा करून थांबा. चाईत आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी केसाच्या मुळाला वेढा घालतात. मूळ मरत नाही, दबून बसतं. हा वेढा उठवणारी बॅरिसिटिनिब ही गोळी मुळात संधिवाताची. डोक्याचा बराच भाग उघडा पाडणाऱ्या चाईसाठी अमेरिकेत तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. इथेही दुसऱ्या रोगाकडून उसनं घेतलेलंच औषध. पण ती प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून आधी टीबीची तपासणी. लपलेला टीबी आपल्याकडे काही दुर्मिळ नाही. आणि गोळी बंद केली की चाई पुन्हा येऊ शकते.

प्रयोगशाळेत काय चाललंय? जपानच्या योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीत २०२२ मध्ये उंदराच्या पेशींपासून काचेच्या बशीत केसाची मुळं वाढवली. माणसाच्या डोक्यापर्यंत ते यायचं आहे. तोवर मंगल कार्यालयात शिबिर लावून "पंधरा दिवसांत घनदाट" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, माझे केस कोणत्या कारणाने गळतात? उत्तर न देता बाटली पुढे केली तर उठून या.

तर त्या बापाला मी सांगतो, याचं टक्कल घराण्यातलं आहे, मिनॉक्सिडिल लावू. पण पहिल्या काही आठवड्यांत असलेले केसही जास्त गळतील, कारण म्हातारे केस जागा खाली करतात. फरक दिसायला चार ते सहा महिने. औषध सोडलं की पुन्हा गळती. काहींच्या डोक्यात हे औषध जागं करणारं विकरच कमी असतं, त्यांना गुण येत नाही.

बाप हिशोब करतो. "म्हंजे ऐन पोरगी बघायच्या टायमाला गळणार?"

"हो."

गेल्या वर्षी असंच बोलणं चाललं होतं. पोरगा पहिल्यांदाच बोलला, "आबा, मग पाहुण्यांकडून आल्यावरच सुरू करू. पोरीनं आधी हेच डोकं बघू द्या." आणि टोपी न घालताच बाहेर पडला.

नमस्कार.