मयतीची तयारी आधी का करावी

पाश्चात्त्य देशांत मरण आणि दफन यांच्यामध्ये बहुधा काही दिवस असतात. आपल्याकडे वसईतल्या कॅथलिकांत पहाटे कुणी गेले, तर त्याच संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे फादरांनी अर्पण केलेली मुख्य उपासना, सुरू झालेली असते. आखातातला मुलगा यायचा असेल, तरच शीतपेटी मागवून एखादा दिवस थांबतात. या आठ-दहा तासांत डॉक्टरांचा दाखला घ्यायचा, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात जाऊन फादरांकडून वेळ ठरवून घ्यायची, कबर कोणती ते पाहायचे, शवपेटी सांगायची, पाहुण्यांना कळवायचे. सरकारी मृत्यूनोंदणीला 21 दिवस असतात, पण बाकी सगळे आजच. आणि मिस्सेला अर्धा तास उरला असताना कुणीतरी विचारते, ‘वाचने कोण करणार?’

माझ्या वडिलांच्या वेळी मी म्हणालो, थोरला मुलगा आहे, मीच करणार. बायबलमधल्या ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय होता, नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत असे सांगणारा. दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज गेला आणि चुलतभावाच्या पत्नीने येऊन माझ्या हातातले पुस्तक घेऊन पुढचे वाचले. तेव्हापासून मी घरोघरी सांगतो की वाचनासाठी भाचा, पुतणी, शेजारी असा एक पाऊल दूरचा माणूस निवडावा आणि मुलांना रडायला मोकळे सोडावे.

कॅथलिक अंत्यविधीचे तीन टप्पे आहेत: घरातले जागरण व प्रार्थना, चर्चमधली मिस्सा आणि कबरेजवळचा निरोप. आपल्याकडे पहिल्या टप्प्यात रोझरी (माळेची प्रार्थना) मनापासून होते, पण शास्त्रवाचन बहुधा राहून जाते. दुसऱ्या टप्प्यात पेटीजवळ पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती पेटलेली असते आणि पेटीवर पवित्र पाणी शिंपडले जाते. हे पाणी स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) आठवण असते, म्हणजे माणूस ज्या दारातून चर्चमध्ये आला त्याच दारातून त्याला निरोप दिला जातो. घरच्यांना हा अर्थ आधी ठाऊक असेल, तर फुलांच्या सजावटीवरून होणारे वाद बरेच कमी होतील, असे मला आपले वाटते.

सर्वांत जास्त कुरबुर होते ती भाषणांवरून. मिस्सेच्या विधिनियमांनुसार अंत्यमिस्सेत छोटे प्रवचन असावे, मृताचे गुणगान नसावे. कारण ही मिस्सा त्याच्यासाठी प्रार्थना म्हणून अर्पण होते, सत्कार म्हणून नव्हे. ख्रिस्तप्रसादानंतर (मिस्सेत पवित्र भाकर दिल्यावर), अखेरच्या निरोपाआधी, घरातल्या एकाने थोडक्यात आठवण सांगायला वाव आहे. ‘एकाने’ आणि ‘थोडक्यात’ हे दोन्ही शब्द मी मुद्दाम उच्चारतो, कारण पेटीपाशी पुढाऱ्यांची रांग लागलेली मी पाहिली आहे.

तारखेचेही भान ठेवावे लागते. आज्ञा गुरुवार, गुड फ्रायडे आणि पुण्यशनिवारी, तसेच आगमनकाळ (नाताळाआधीचा), प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा) व पास्काकाळ (ईस्टरपासूनचा) यांतल्या रविवारी अंत्यमिस्सा होत नाही. दफन प्रार्थनेसह होते आणि मिस्सा नंतर अर्पण करतात. यात मृताचा अपमान नाही, हे वयस्क मंडळींना शांतपणे समजावावे.

दहनाला 1963 पासून परवानगी आहे, तरी चर्च दफनालाच प्राधान्य देते. व्हॅटिकनच्या 2016 च्या सूचनेप्रमाणे रक्षा पवित्र जागी ठेवावी लागते. ती घरातल्या कपाटात ठेवणे किंवा नदीत सोडणे चालत नाही. मुंबईत जागेची टंचाई आहे, म्हणून हा प्रश्न तुमच्या घरातही येईल आणि तो आजारी माणसालाच विचारणे बरे. त्याच बोलण्यात तैलाभ्यंगाचा, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराचा, विषय काढावा. फादरांना शेवटच्या श्वासाला बोलावण्याची आपली सवय वाईट आहे. माणूस शुद्धीवर असताना त्याला ख्रिस्तप्रसाद घेता येतो आणि मरणाच्या वाटेवरची शिदोरी तीच असते.

माझ्या आईने वडिलांच्या मयतीनंतर महिनाभराने मला वही घेऊन बसवले. हार नकोत, त्या पैशांच्या मिस्सा सांगा. पांढरी साडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. वाचन धाकट्या सुनेने करावे, ‘तुझ्यात दम नाही.’ गाणी चार सांगितली, त्यांतले एक इतके जुने आहे की आमच्या गायनमंडळात कुणालाच येत नाही. आई सध्या दर रविवारी मिस्सेनंतर ऑर्गनपाशी उभी राहून त्यांना ते शिकवते आहे.