समुद्राची वाट, आभाळाची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईचा सागरी व्यापार खऱ्या अर्थाने फोफावला तो खाडीपलीकडे, उरण तालुक्यात. शहराच्या पोटात अडकलेल्या जुन्या गोद्यांवरचा ताण हलका करायला 26 मे 1989 रोजी न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं. 1999 मध्ये देशातलं पहिलं खाजगी कंटेनर टर्मिनल तिथेच उभं राहिलं. वीस फुटी कंटेनर हे माप धरलं, तर 2024-25 या वर्षात या बंदराने सुमारे 73 लाख कंटेनरांची चढउतार केली.

आकडा मोठा आहे, पण एका कंटेनरमध्ये काय असतं ते पाहू या. निफाड-दिंडोरीच्या बागांमधून जानेवारीपासून निर्यातीची द्राक्षं निघतात. घड कात्रीने साफ करून, पनेटमध्ये म्हणजे लहान प्लास्टिकच्या डब्यांत भरून, पेटीत बुरशी रोखणारा ग्रेपगार्डचा कागद ठेवून प्री-कूलिंगला, म्हणजे झटपट थंड करायला जातात. मग रीफर, म्हणजे विजेवर चालणारा शीत कंटेनर. त्यात तापमान शून्य अंशाच्या आसपास राखायचं, आणि ते नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात दार उघडेपर्यंत. घाटात गाडी अडकली, बंदराच्या रांगेत वीज वेळेवर मिळाली नाही, तर देठ सुकतो. घड कितीही गोड असो, हिरवा देठ नसेल तर तिकडचा खरेदीदार भाव पाडतो. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास जवळपास दोन आठवड्यांनी लांबला. भाडं वाढलं, फळाचं आयुष्य मात्र तेवढंच राहिलं. बंदराची वाढ मोजताना हे दिवसही मोजायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

हापूसला एवढी सवड नसते. अमेरिकेची बाजारपेठ 2007 मध्ये पुन्हा उघडली, ती विकिरणाच्या, म्हणजे किरणांचा मारा करून फळातली कीड निष्प्रभ करण्याच्या अटीवर. आज वाशीच्या केंद्रात अमेरिकी कृषी विभागाच्या निरीक्षकासमोर पेट्यांवर विकिरण होतं आणि माल विमानात चढतो. विमानाचं भाडं किलोमागे इतकं असतं की आंबा तिथे महागच पडतो. तरी औषधं, हिरे, फुलं, आंबा हा माल विमानानेच जाणार. वजन जहाजाने जातं. वेळ आणि किंमत विमानाने.

म्हणून नवी मुंबईच्या विमानतळाकडे मी आशेने पाहतो. 8 ऑक्टोबर 2025 ला त्याचं उद्घाटन झालं, 25 डिसेंबरला प्रवासी उड्डाणं सुरू झाली. न्हावा शेवा तिथून हाकेच्या अंतरावर. समुद्राचा आणि हवाई मालाचा दरवाजा इतक्या जवळ असणं ही मोठी सोय आहे. नाशिक, सांगली, रत्नागिरीच्या मालासाठी तिथे पुरेशी शीतगृहं आणि झटपट तपासणी उभी राहिली पाहिजे, आणि ती पहिल्या काही वर्षांतच.

पण या जमिनी कुणाच्या होत्या? नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यातल्या जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. विमानतळाला दि. बां.चं नाव द्या, ही भूमिपुत्रांची मागणी त्याच रक्ताच्या आठवणीची आहे.

आता पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर होतंय. 76,220 कोटींचा प्रकल्प, 30 ऑगस्ट 2024 ला पायाभरणी. वीस मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली असल्याने अतिप्रचंड कंटेनर जहाजं तिथे थेट लागू शकतील, देशाला त्याची गरज आहे. मात्र डहाणूच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार बांधव वर्षानुवर्षं विरोध करत आलेत, कारण भराव पडणार तो त्यांच्या मासेमारीच्या पाण्यात. सातबारा नसलेल्या या पाण्याची भरपाई कशी मोजणार, कुणाला देणार आणि कधी देणार, हे भरावाचा दगड पडण्याआधी गावागावात, लेखी सांगितलं गेलं पाहिजे.

नमस्कार.