पडून असलेली जमीन काय खाते?

मंडळी, सुरुवात माझ्याच फजितीने करतो. 2018 साली मी राजापूर तालुक्यात 30 गुंठे कातळ घेतला. बाग नाही, विहीर नाही, निव्वळ सडा. पावसाळ्यात चार दिवस रानफुलं, एरवी चटके. घ्यायचं कारण एकच, नाणारची रिफायनरी. 'येणार येणार' हे पंचक्रोशीत प्रत्येकाच्या तोंडी होतं, आणि लोकांना आकड्यांत राहायला सांगणारा मी कर सल्लागार त्याच वाऱ्यावर गेलो. मार्च 2019 मध्ये सरकारने भूसंपादनाची अधिसूचना रद्द केली. माझा कातळ पुन्हा कातळ झाला. 9 लाखांना घेतलेला 2022 मध्ये सव्वापाचला दिला.

मधली तीन वर्षं मी का थांबलो, तर आमच्या आईचं ठरलेलं वाक्य: "असू दे रे पडून, काय खायला मागते?" मागते हो! अडकलेल्या रकमेचं व्याज खाते. शेजारचा चिरे काढता काढता हद्दीत येतो, मग मोजणीचे पैसे खाते. 9 लाखांचा आकडा माझ्या डोक्यात होता. गिऱ्हाइकाच्या डोक्यात तो असायचं काही कारणच नव्हतं.

आता कराचं ऐका. हा पावणेचार लाखांचा तोटा आयकराच्या हिशेबात तोटाच नाही. ग्रामीण शेतजमीन ही कायद्याने भांडवली मालमत्ता नव्हे. नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, लोकसंख्येनुसार ठरलेलं 2, 6 किंवा 8 किलोमीटरचं अंतर ओलांडलं की ती ग्रामीण. नफ्यावर कर नाही याची आपल्याला फार मौज वाटते. तोट्यालाही कोणी वाली नाही, हे विकल्यावर कळतं.

शहरातल्या फ्लॅटची गोष्ट निराळी. समजा, रत्नागिरीत 2013 च्या दिवाळीत 28 लाखांना घेतलेला फ्लॅट ऑगस्ट 2024 मध्ये 25 लाखांना विकला. 24 महिन्यांहून जास्त काळ ठेवलेला, म्हणून हा 3 लाखांचा दीर्घकालीन तोटा. तो पगारातून किंवा धंद्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही, फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातून होतो. पुढची 8 वर्षं ओढता येतो. अट एक: त्या वर्षीचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. इथे आपले लोक मार खातात. "तोटाच झालाय, मग रिटर्न कशाला?" असं म्हणून घरी बसतात. तीन वर्षांनी दुसरा प्लॉट 5 लाख नफ्यात जातो तेव्हा माझ्याकडे येतात. मुदतीत भरलं असतं तर 2 लाखांवरच साडेबारा टक्के लागले असते. साडेसदतीस हजार रुपये नुसत्या आळसापायी जातात.

एक गंमत सांगतो, गंमत कसली म्हणा. हाच फ्लॅट जून 2024 मध्ये विकला असता तर महागाई निर्देशांक लावून खरेदी किंमत 46 लाख 20 हजार धरता आली असती आणि तोटा 21 लाख 20 हजार दिसला असता. 23 जुलै 2024 पासून नियम बदलला, निर्देशांक गेला. जुन्या घरजमिनीवर निर्देशांकासह 20 टक्क्यांचा पर्याय राहिला, पण तो कर कमी करण्यापुरता. फुगवलेला तोटा पुढे ओढता येत नाही.

आता स्वस्ताईकडे येतो. आपण समजतो, रेडीरेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा, कमी भावात मिळालं म्हणजे लॉटरी. त्याच फ्लॅटचं सरकारी मूल्य 30 लाख आहे असं धरा. व्यवहार 25 चा. तफावत 10 टक्क्यांच्या वर गेली, म्हणून विकणाऱ्याची किंमत 30 धरली जाते. खिशातून 3 लाख गेले आणि कागदावर 2 लाख नफा! निर्देशांकाचा पर्याय घेऊन त्याचा कर शून्यावर येईल, पण पुढे न्यायला तोटा उरत नाही. घेणाऱ्याच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात 5 लाख मिळवले जातात. 30 टक्क्यांच्या पट्ट्यात असेल तर दीड लाख आणि वर उपकर. सरकारी मूल्य मान्य नसेल तर प्रकरण मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे पाठवायची मागणी करता येते, पण ते आधी ठाऊक हवं.

जमीन स्वस्त असते तेव्हा तिला कारण असतं. ते कारण पैशाने आणि वेळेने दूर होणारं आहे का, एवढंच मी बघतो. मयत आजोबांचं नाव अजून सातबारावर आहे? वारस नोंद होते. सामाईक खातेदार चौदा, त्यातले नऊ मुंबईत? जिकिरीचं आहे, पण गणपतीत सगळे गावात असतात, तेव्हा सह्यांचं बघा. 'इतर हक्कात' कुळाचं नाव असेल, भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल, किंवा खाजगी वनाची नोंद असेल, तर वकिलाकडे जाईपर्यंत विसारही देऊ नका. आणि समुद्रकिनारी भरतीरेषेपासून 200 मीटरच्या ना-विकास पट्ट्यातली जागा तुम्हाला घर बांधायला हवी असेल, तर ती फुकटातही महाग. दलाल म्हणेल, "भाऊ, शेजारी हॉटेल उभं आहे की!" उभं आहे, पण किती दिवस?

एका पक्षकाराबरोबर गुहागरकडे बाग बघायला गेलो होतो. 40 कलमं, विहिरीला पाणी, भाव निम्मा. मी आंब्यांकडे बघितलंच नाही, बेड्याकडे, म्हणजे बागेच्या फाटकाकडे बघितलं. बांबूचे आडवे वासे, तेही गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, भलत्याच कोपऱ्यात. तिथून पायवाट शेजाऱ्याच्या अंगणातून, तुळशीवृंदावनाला वळसा घालून रस्त्याला लागत होती. नकाशावर वाट नव्हती. शेजारीण म्हणाली, "जा की, कोण अडवतंय? आमचे हे आहेत तोवर." त्या 'तोवर'मध्ये निम्मा भाव होता.

आम्ही मालकाला म्हटलं, त्या शेजाऱ्याकडून 10 फुटांच्या वाटेचा हक्क नोंदणीकृत दस्ताने घ्या, मग बोलू. सात महिने लागले. शेजाऱ्याने दीड लाख मागितले, ते आमच्या पक्षकाराने दिले, आणि तरीही बाग बाजारभावाच्या पाऊण किमतीत पडली. मे महिन्यात बघितलेली जागा त्याने जुलैत पुन्हा बघितली, मी हट्टच धरला होता. पूर्वेच्या अंगाला पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, वाहत होता. घराची जागा त्याने तिथून वर सरकवली.

हं, मागे कुणीतरी हात वर केलाय. विचारा.